पवईचें तंत्र आणि अक्षर

मुंबईस जाऊन आलेल्या मनुष्यास “काय काय पाहिलें?” असें विचारिलें म्हणजे तो गेटवे, राणीचा बाग, वस्तुसंग्रहालय, चौपाटी आणि सिद्धिविनायक हीं नांवें एका दमांत सांगतो. पवई हें नांव त्या यादींत बहुधा नसतें. आपल्या सुशिक्षित घरांतून पवईचें नांव निघतें तें निराळ्या प्रसंगीं. मुलाचा दहावीचा निकाल हातीं आला, पेढे वाटून झाले, आणि थोरले काका “दोन वर्षें कसून अभ्यास केला तर पवई कांहीं लांब नाहीं” असें म्हणूं लागले, कीं त्या घरीं पवईचा उच्चार होतो. अशा रीतीनें पवई हें स्थळ न राहतां ती एक परीक्षा होऊन बसली आहे. त्या परीक्षेपलीकडे तेथें काय चालतें, माणसें कोणत्या कामांत रात्रीचा दिवस करितात, याची चौकशी फारशी कोणी करीत नाहीं. गेल्या हिंवाळ्यांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून मला तेथें दोन दिवस राहावयास मिळालें. त्याचा थोरला मुलगा तेथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत, म्हणजेच आय. आय. टी.मध्यें, यंत्रविद्या शिकत आहे. त्याला बरोबर घेऊन जें पाहिलें व पुढें चौकशी करून जें समजून घेतलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

मध्य रेल्वेच्या कांजुरमार्ग स्टेशनावर उतरून रिक्षा केली कीं थोड्याच वेळांत संस्थेचें मुख्य द्वार येतें. ज्या हमरस्त्यावर हें द्वार आहे त्यास आदि शंकराचार्य मार्ग असें नांव दिलेलें आहे. मोटारी आणि मालट्रक दिवसभर एकमेकांस रेटीत असतात अशा रस्त्यावर त्या संन्यासिश्रेष्ठाचें नांव वाचून प्रथम थोडें हंसूं आलें. पण द्वाराच्या आंत पाऊल टाकतांच तो गोंगाट मागें पडतो आणि दुतर्फा झाडांची दाट सावली सुरू होते. सुमारें साडेपांचशें एकरांचें हें आवार दोन तलावांच्या मध्यें वसलेलें आहे. उत्तरेस विहार तलाव, तो १८६० सालचा. दुसरा पवईचा तलाव १८९१ सालीं, मुंबईस पाण्याची टंचाई भासूं लागली तेव्हां बांधण्यांत आला. परंतु त्याचें पाणी पुढें पिण्यास योग्य राहिलें नाहीं. तलावाच्या बाजूस पद्मावतीदेवीचें जुनें देऊळ आहे. पाठीमागें बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचें रान. त्या रानांतून एखादा बिबट्या मधूनमधून या विद्यापीठांत येऊन जातो व वर्तमानपत्रांस बातमी पुरवितो. एका बाजूस देवी, दुसऱ्या बाजूस श्वापद आणि मध्यें प्रयोगशाळा, असा हा शेजार आहे.

या संस्थेचा आरंभ मात्र पवईस झाला नाहीं. १९५८ सालीं पहिल्या शंभर विद्यार्थ्यांचा वर्ग भरला तो वरळीस, ‘सस्मिरा’ या संस्थेच्या इमारतींत. सस्मिरा ही कृत्रिम रेशमाच्या गिरण्यांसाठीं संशोधन करणारी संस्था. पुढें १० मार्च १९५९ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें पवईस कोनशिला बसली. युनेस्कोच्या द्वारें सोव्हिएत रशियाकडून यंत्रसामग्री व तज्ज्ञ आले, आणि १९६१ च्या कायद्यानें संस्थेस राष्ट्रीय महत्त्वाचें स्थान मिळालें.

कापडाच्या घरांत जन्मलेल्या या संस्थेच्या नांवांत ‘तंत्र’ हा शब्द असावा, याचें मला मोठें कौतुक वाटलें. ‘तन्’ म्हणजे ताणणें, पसरणें. त्या धातूपासून झालेल्या ‘तंत्र’ शब्दाचा एक जुना अर्थ माग, किंवा मागावर ताणलेलें उभें सूत, असा आहे. पद्धति, शास्त्र, कारभार हे अर्थ त्यावरूनच विस्तारले. आतां, विणकर नुसत्या उभ्या सुतावर थांबला तर त्याच्या हातून वस्त्र होत नाहीं. आडवा धागा त्यांतून जावा लागतो. संस्थेचें ब्रीद ‘ज्ञानं परमं ध्येयम्’ असें आहे. या ज्ञानाच्या ताण्यांत कलेचा बाणा कोठें मिसळला आहे, हें पाहण्याची मला विशेष उत्सुकता होती.

तो धागा १९६९ सालीं विणूं लागला. त्या वर्षीं येथें औद्योगिक अभिकल्प केंद्र स्थापन झालें. लोक त्यास ‘आय. डी. सी.’ म्हणतात. त्याच्या उभारणींत प्रा. सुधाकर नाडकर्णी यांचा वांटा फार मोठा. त्यांचें शिक्षण प्रथम मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत व नंतर जर्मनींतील उल्म येथील प्रसिद्ध अभिकल्पशाळेंत झालें. उल्मची ती शाळा १९६८ सालीं बंद पडली आणि दुसऱ्याच वर्षीं पवईस हें केंद्र उघडलें.

अभिकल्प हा शब्द पुष्कळांस अपरिचित वाटेल. वस्तु करण्यापूर्वीं ती कोणाच्या हातीं जाणार, ती उचलावयाची कशी, ठेवावयाची कशी, ती डोळ्यांस कशी दिसावी, या सर्वांचा एकत्र विचार करून तिचें रूप ठरविणें, म्हणजे अभिकल्प. आपल्या घरांतला तांब्या घ्या. गळ्याशीं बोटें नीट बसतात, पाणी ओततांना धार फुटत नाहीं, घांसतांना हात आंतपर्यंत जातो. हें रूप कोणा एकानें एका दिवसांत ठरविलेलें नाहीं. १९५८ सालीं चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्यानें भारत सरकारास एक अहवाल सादर केला, त्यांत त्यांनीं आपल्या लोट्याची मोठी वाखाणणी केली आहे. आमच्या मोरीवर रोज दिसणारी वस्तु पाहुण्यानें दाखवून द्यावी लागली! पवईच्या केंद्रांत हीच दृष्टि शिकवितात. प्रा. ए. जी. राव यांनीं येथें बांबूच्या वस्तूंवर अनेक वर्षें काम केलें, कां कीं बांबू हा गरिबाच्या अंगणांत उगवतो आणि त्याच्या कामांत कारागिराचें पोट आहे.

परंतु मज अक्षरजीवी मास्तराचें मन खरें रमलें तें या केंद्रांतील अक्षरांच्या कामांत. त्याचें महत्त्व ध्यानीं येण्यास थोडें मागें जावें लागेल. शिशाच्या खिळ्यांच्या काळीं देवनागरी छापणें हें मोठें जिकिरीचें काम होतें. इंग्रजीस सव्वीस अक्षरांचीं दोन रूपें पुरत. आपल्या बाळबोधीस काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरें मिळून शेंकडों खिळे लागत. लोकमान्य टिळकांनींसुद्धां खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या खटाटोपांत वेळ घालविला. १९३० नंतरच्या दशकांत स्वातंत्र्यवीर सावरकरांनीं ‘अ’ची बाराखडी पुढें मांडली व कांहीं नियतकालिकांनीं ती उचलली. नंतर टंकयंत्र आलें. त्यानें तर अर्धीं अक्षरें तोडून शेजारीं शेजारीं उभीं केलीं. या सर्व खटपटींचा हेतु चांगला होता. पण त्यांतला विचार एकच होता, तो असा कीं, यंत्रास लिपि पेलत नाहीं, तर लिपीनें अंग चोरून घ्यावें.

संगणक आल्यावर हा प्रश्न पुन्हां उभा राहिला. या वेळीं मात्र कांहीं मंडळींनीं तो उलटा केला. लिपि आहे तशीच राहील, यंत्रानें तिची रीत शिकावी, असें त्यांनीं ठरविलें. त्याचा पाया कानपूरच्या भगिनीसंस्थेंत घातला गेला व पुढें पुण्याच्या ‘सी-डॅक’मध्यें तें काम विस्तारलें. पवईनें त्यास जें दिलें तें अक्षराचें सौंदर्य व अक्षराचें शास्त्र. १९८३ सालीं रघुनाथ कृष्ण जोशी हे येथें अध्यापक म्हणून आले. र. कृ. जोशी हें नांव मराठी कवितेच्या वाचकांस ठाऊक आहे; शब्द कागदावर कसा दिसतो हाही कवितेचा भाग मानणारे ते कवि. जे. जे.मध्यें शिकलेले, जाहिरातीच्या धंद्यांत मोठ्या हुद्द्यावर पोंचलेले, आणि बोरू हातीं धरिला कीं भान हरपणारे. १९९६ पर्यंत त्यांनीं पवईस अक्षरविद्या शिकविली.

त्यांच्यापुढें काय काम होतें तें एका उदाहरणानें सांगतों. ‘शक्ति’ हा शब्द घ्या. उच्चारांत इकार शेवटीं येतो. लिहितांना मात्र पहिली वेलांटी ‘क्त’च्या अलीकडे काढावी लागते आणि तिची कमान त्या जोडाक्षरावरून पलीकडे न्यावी लागते. संगणकाच्या पोटांत अक्षरें उच्चाराच्या क्रमानें सांठविलेलीं असतात: श, क, हलन्ताची खूण, त आणि शेवटीं इकार. पडद्यावर येतांना त्यानें क आणि त यांस जोडलें पाहिजे, इकार उचलून पुढें आणला पाहिजे, आणि कमान किती लांब काढावयाची तें ठरविलें पाहिजे. यांतला पहिला भाग गणिताचा. कमान किती लांब व कोणत्या वळणाची, हें मात्र ज्यानें हजारों वेळां हातानें वेलांटी काढली आहे तोच सांगूं शकतो. अभियंता व लेखणीबहाद्दर एका टेबलाशीं बसल्याशिवाय हा शब्द शुद्ध उमटत नाहीं. जोशी यांनीं पवई सोडल्यावर मुंबईच्याच दुसऱ्या एका सरकारी संशोधनसंस्थेंत हें काम पुढें चालविलें. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या ‘विंडोज २०००’ या प्रणालीबरोबर जगभर गेलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांच्याच हातचा. ते २००८ सालीं निवर्तले. त्यानंतर कित्येक वर्षें आपल्या कचेऱ्यांतले अर्ज आणि घरांतल्या लग्नपत्रिकांचे मसुदे त्यांच्या अक्षरांत उमटत राहिले. पण तीं अक्षरें कोणाचीं, हें लिहिणाऱ्यास क्वचितच ठाऊक असे.

याच केंद्रांतील दुसरें एक अक्षर तर प्रत्येकाच्या खिशांत आहे. रुपयास स्वतःचें चिन्ह असावें म्हणून भारत सरकारनें स्पर्धा लाविली, आणि १५ जुलै २०१० रोजीं जें चिन्ह स्वीकारिलें तें डी. उदयकुमार यांनीं काढिलेलें. ते त्या वेळीं पवईस अभिकल्पकेंद्रांत डॉक्टरेटचा अभ्यास करीत होते. मातृभाषा तमिळ, संशोधनाचा विषय तमिळ अक्षरमुद्रण, आणि चिन्ह काढिलें तें देवनागरी ‘र’चें, वर दोन समांतर रेषा देऊन! पोटांतली उभी रेघ काढलेला इंग्रजी ‘आर’ही त्यांत दिसतो. जो आपल्या लिपीवर मनापासून प्रेम करितो त्यास दुसऱ्याच्या लिपीचें मर्म अधिक लवकर कळतें, असें मला यावरून वाटतें.

मज संस्कृतच्या मास्तराचा समाधानाचा ठेवा पुढें मानव्यविद्येच्या विभागांत सांपडला. केरळांत माधव नांवाचा गणिती चौदाव्या शतकांत होऊन गेला. त्याच्या परंपरेनें परिघ व व्यास यांचें प्रमाण एका अनंत श्रेढीनें काढिलें होतें. एकांतून एक तृतीयांश वजा करावा, एक पंचमांश मिळवावा, एक सप्तमांश वजा करावा, असें करीत जावें, आणि येणाऱ्या बेरजेची चौपट करावी. युरोपांत हीच श्रेढी सतराव्या शतकांत लागली. या परंपरेच्या उपपत्ति ज्येष्ठदेवानें ‘युक्तिभाषा’ या मलयाळम ग्रंथांत दिल्या आहेत. के. व्ही. शर्मा यांनीं संपादिलेला तो ग्रंथ २००८ सालीं भाषांतर व टीपांसह प्रसिद्ध झाला. टीपा लिहिणाऱ्यांत पवईचे प्रा. के. रामसुब्रमण्यन होते. नीलकंठ सोमयाजीच्या ‘तंत्रसंग्रहा’चें भाषांतर त्यांनीं व एम. एस. श्रीराम यांनीं २०११ सालीं बाहेर काढिलें. १११४ सालीं जन्मलेल्या भास्कराचार्यांच्या नवशताब्दीनिमित्त २०१४ सालीं ठाण्यास परिषद भरली. तेथील निबंधांच्या ‘भास्करप्रभा’ या संग्रहाच्या संपादकांतही रामसुब्रमण्यन आहेत. ज्या श्लोकांतील वृत्त पाहून आम्ही पुढें जात होतों, त्यांतील गणित सोडवून दाखविणारीं माणसें यंत्रशाळेंत निघालीं!

संगणकविभागांत दुसरा चमत्कार. प्रा. पुष्पक भट्टाचार्य व त्यांचे सहकारी यांनीं येथें हिंदी व मराठी शब्दांचें एक जाळें विणलें. मराठी जाळ्यास ‘शब्दबंध’ म्हणतात. त्यांत शब्द अकारविल्हे लाविलेले नाहींत. एका अर्थाचे शब्द एका गटांत, आणि गटागटांमध्यें नातीं: कोण कोणाची जात, कोण कोणाचा अवयव. ज्यांनीं लहानपणीं अमरकोश घोकला आहे त्यांस हें ऐकून ओळख पटेल. स्वर्गवर्ग, भूमिवर्ग, वनौषधिवर्ग अशा वर्गांत समानार्थी शब्द एकत्र बांधून अमरसिंहानें ते पाठ करविले. त्याच्यापुढें विद्यार्थ्याची स्मृति होती. यांच्यापुढें यंत्राची आहे.

एवढ्यावरून कोणी असें समजूं नये कीं येथील कला अध्यापकांच्या खोल्यांतच असते. विद्यार्थी तिला रात्रीं उघड्यावर आणतात. ‘मूड इंडिगो’ हा त्यांचा कलामहोत्सव १९७१ पासूनचा. ‘टेकफेस्ट’ हा विज्ञानाचा उत्सव १९९८ चा. परंतु मला सर्वांत मौज वाटली ती वसतिगृहांच्या नाट्यप्रयोगांची. कांहीं वसतिगृहें मिळून एक प्रयोग उभा करितात. नाटक, नृत्य, संगीत आणि भव्य नेपथ्य, सर्व त्यांचेंच. रंगमंचावरचा नट मुद्राभिनय करितो आणि त्याचा आवाज पडद्याआडून दुसराच देतो. हें ऐकून मला पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या आठवल्या. माझा वाटाड्या म्हणाला, “आजोबा, दोरी मात्र आमच्यांत कोणाच्याच हातांत नसते, म्हणून सगळ्यांना एकमेकांकडे लक्ष द्यावें लागतें.”

‘प्रथम’ या उपग्रहाची कथाही अशीच. २००७ सालीं विद्यार्थ्यांच्या मनांत आलें कीं आपण स्वतः उपग्रह करावा. सुमारें दहा किलो वजनाचा तो उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजीं श्रीहरिकोट्याहून उडाला. वातावरणाच्या वरच्या थरांतील विद्युत्कण मोजणें हें त्याचें काम. येथील पहिला अभ्यासक्रम चार वर्षांचा, आणि हें काम चाललें नऊ वर्षें. ज्यांनीं आरंभ केला ते शिकून बाहेर पडले, त्यांच्या मागून आलेल्यांनीं टिपणें वाचून तें हातीं घेतलें, त्यांनींही पुढच्यांच्या हवालीं केलें. एकत्र कुटुंबांत आजोबांनीं लावलेल्या फणसाचे गरे नातवंडें खातात, त्यांतलाच हा प्रकार.

असो. सर्वच गोड आहे असें नाहीं. या द्वारांतून आंत येणारीं मुलें थोडीं, आणि बाहेर राहिलेल्यांच्या घरांतून जें दुःख पसरतें तें या झाडांच्या सावलींत ऐकूं येत नाहीं. शिकवणीवर्गांनीं बालपणाचीं दोन-चार वर्षें गिळून टाकलीं आहेत. आणि माझी खरी तक्रार याच ठिकाणीं आहे. पवईस पोंचण्यासाठीं आपण मुलांकडून जें प्रथम सोडवितों, तेंच पवईस गेल्यावर त्यांना लागतें.

माझ्या त्या विद्यार्थ्याची धाकटी मुलगी नववींत आहे. सरकारी चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट या दोन्ही परीक्षा ती उत्तम तऱ्हेनें उतरली. या वर्षींपासून तिची रंगपेटी कपाटावर गेली आहे. परतीच्या दिवशीं मीं तिच्या बापाजवळ हा विषय काढिला. तो म्हणाला, “मास्तर, आधीं दहावी-बारावी, मग चित्रें. चित्रांनीं घर चालत नाहीं.” मीं म्हटलें, “अरे, येथें इतकें पाहिल्यावर असें म्हणूं नये. २०१५ सालापासून याच आवारांत बारावीनंतर चार वर्षांचा अभिकल्पाचा अभ्यासक्रम आहे. ‘यूसीड’ या त्याच्या प्रवेशपरीक्षेस कोणत्याही शाखेची मुलें बसतात, आणि तींत हातानें चित्र काढून दाखवावें लागतें. तुझ्या मुलीस त्या परीक्षेस बसवावयाचें कीं नाहीं तें पुढें पाहा. पण हात आज थांबविलास तर तीन वर्षांनीं तो मागितल्याबरोबर चालणार नाहीं.” तो कांहीं बोलला नाहीं. थोरला मुलगा हळूच म्हणाला, “बाबा, आमच्या नाटकाचे पडदे रंगवायला माणसें मिळत नाहींत. ज्यांनीं ज्यांनीं सोडलें, ते सगळे आतां हळहळतात.”

गाण्याच्या वर्गास जाणारा, भिंतीवर रेघोट्या ओढणारा, जुन्या पोथीचें अक्षर गिरवीत बसणारा एखादा मुलगा किंवा मुलगी आपल्या प्रत्येक मोठ्या कुटुंबांत असते. त्या मुलाच्या अभ्यासाकडे दुर्लक्ष करावें असें मी म्हणत नाहीं. चाळीस वर्षें शाळेंत काढलेला मनुष्य तसें म्हणणार नाहीं. पण आठवड्यांतील दोन संध्याकाळ त्याच्या त्या छंदास राखून ठेवाव्यात, आणि घरांतल्या वडील माणसांनीं त्या वेळीं त्याला बाजारांत किंवा शिकवणीस पाठवूं नये. आणि मुंबईस जाणें झालें तर, पूर्वीं परवानगी काढून, एक दिवस पवईसाठीं ठेवावा. मुलास प्रवेशाची इमारत मागून दाखवावी. आधीं त्यास अभिकल्पकेंद्राकडे न्यावें आणि खिशांतील रुपयावरचें चिन्ह दाखवून तें कोठल्या खोल्यांतून निघालें हें सांगावें.